पुण्याच्या नाकापासून झुरिकच्या जबड्यापर्यंत

गणेशोत्सव असो की दिवाळी, रियाधमधल्या आपल्या मराठी घरांत चकल्यांना तोटा नसतो. आमच्या लेकीला मात्र चकली पुढच्या दातांनी कधी तोडता आली नाही. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे, त्यामुळे ती दाढेखाली धरून तुकडा मोडायची. २०२१ साली ती सतरा वर्षांची झाली, तेव्हा इथल्या दंतवैद्यांनी स्पष्ट सांगितले, "नुसत्या तारांनी भागणार नाही. आधी तारा, मग जबड्याची शस्त्रक्रिया, मग पुन्हा थोडे दिवस तारा."

पुण्याहून आईचा फोन आला, "अरे, देवाने दिलेला चेहरा, त्याला कशाला हात लावता? ही सगळी नवी फॅडं!"

हे खरेच नवे आहे का, म्हणून मी शोध घेऊ लागलो, तर पहिलीच गोष्ट पुण्याची निघाली. कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेत बैल हाकायला होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने छापली, आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये त्याच पद्धतीने नाक केले.

आईला हे सांगितले, तर ती म्हणाली, "त्याचं नाक कापलेलं होतं रे! आपल्या पोरीचं काय कापलंय?" प्रश्न बिनतोड होता.

दातांना तारेने बांधणे तर त्याहूनही जुने. हजार वर्षांपूर्वी कॉर्डोबाचे वैद्य अल-झहरावी यांनी आपल्या 'अल-तस्रीफ' या अरबी ग्रंथात हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत लिहून ठेवली आहे. जबड्याची गोष्ट मात्र अलीकडची. १८४९ मध्ये अमेरिकेतल्या व्हीलिंग गावी सायमन हलिहेन यांनी, भाजल्यामुळे मान आखडून खालचा जबडा पुढे ओढला गेलेल्या एका तरुणीवर शस्त्रक्रिया केली. १८९७ मध्ये सेंट लुईसला व्हिलरे ब्लेअर यांनी पुढे आलेला जबडा दोन्ही बाजूंनी कापून मागे घेतला. दात सरळ करण्याच्या आधुनिक शास्त्राचे जनक एडवर्ड अँगल त्या काळात त्याच शहरात होते. तारा आणि शस्त्रक्रिया यांची गाठ पडली ती अशी.

खरे वळण आणले ते ह्यूगो ओबवेगेसर यांनी. त्यांनी १९५३ मध्ये तोंडाच्या आतूनच जबड्याचे हाड लांबीच्या दिशेने चिरले आणि १९५७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. चेहऱ्यावर व्रण नाही, आणि हाडाचे रुंद भाग एकमेकांना चिकटून राहत असल्याने ते नीट जुळते. पुढे झुरिकमध्ये त्यांनी दोन्ही जबडे एकाच वेळी हलवून दाखवले. पूर्वी हाड जुळेपर्यंत सहा-सहा आठवडे दातांवर दात ठेवून तारेने तोंड बंद करावे लागे. १९७० नंतर छोट्या धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू आले, आणि ही शिक्षा बहुतेकांची टळली.

पण आधी तारा कशाला? जोते वाकडे असले की गवंडी भिंत तिरकी करून घर सावरतो. दातही तसेच करतात. खालचा जबडा पुढे असला, की खालचे दात आत कलतात, वरचे बाहेर. तारा आधी त्यांना आपापल्या हाडावर सरळ उभे करतात. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी जबड्यातला फरक अधिकच उठून दिसतो! हे आम्हाला आधी सांगितले होते, तरी लेक दीड वर्ष फोटोत तोंडावर हात ठेवायची. त्यात माझे कंत्राट वाढेल की नाही याची टांगती तलवार. उपचार अर्ध्यावर सोडून परतावे लागले असते तर? म्हणून प्रत्येक एक्स-रे आणि दातांच्या साच्यांची प्रत आम्ही घरी ठेवली. आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांनी हे जरूर करावे.

२०२३ च्या उन्हाळ्यात रियाधमध्येच शस्त्रक्रिया झाली. सूज, तांदळाची पेज, वरणाचे पाणी असे दिवस गेले. खालचा ओठ काही महिने बधिर होता. जबड्यातल्या मज्जातंतूला ताण बसला की असे होते, आणि कुणाकुणाची बधिरता थोडी कायमही राहते. होकार देण्याआधी हे नीट विचारून घ्यावे.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही पुण्यात होतो. लेकीने आजीसमोर चकली उचलली आणि पुढच्या दातांनी कट्‌कन तोडली. आई काही बोलली नाही. फक्त डबा तिच्यापुढे सरकवला.