दोन सूर्योदयांचे उड्डाण: पर्थ ते कोग्गला, १९४३

१/ पर्थहून लंडनला थेट जाणारे विमान सुमारे १४,५०० किलोमीटरचे अंतर साधारण १७ तासांत कापते. १९४३ साली त्याच पर्थहून निघणाऱ्या विमानाला सुमारे ५,६०० किलोमीटरसाठी २७ ते ३३ तास लागत. तरीही ते संथ उड्डाण विमानवाहतुकीच्या इतिहासातील एक अचाट साहस ठरले.

२/ याचे मूळ सिंगापूरच्या पतनात आहे. १९३८ पासून सिडनी-इंग्लंड प्रवास पाण्यावर उतरणाऱ्या 'उडत्या बोटीं'तून होई. सिंगापूर, कलकत्ता, कराची असे मुक्काम करीत तो नऊ-दहा दिवसांत पुरा होत असे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि या साखळीची मधली कडीच निखळली.

३/ मार्चमध्ये अंदमान गेले. एप्रिलमध्ये कोलंबो आणि त्रिंकोमालीवर जपानी बॉम्ब पडले. ऑस्ट्रेलियाला ब्रिटनशी हवाई दुवा टिकवायचा, तर हिंदी महासागर एका दमात ओलांडण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

४/ जून १९४३ च्या अखेरीस क्वांटासने हे धाडस केले. पर्थच्या स्वान नदीवरून उड्डाण आणि सिलोनमध्ये गालेजवळच्या कोग्गला सरोवरात अवतरण. तेथून टपाल कराचीमार्गे पुढे लंडनकडे जाई.

५/ विमान होते दोन इंजिनांचे कॅटालिना. वेग ताशी जेमतेम २०० किलोमीटर, पण पल्ला मोठा. त्यात इंधनाच्या जादा टाक्या बसवल्या आणि अनावश्यक सामान काढून टाकले. एवढे करूनही जागा उरली ती तीन प्रवासी आणि ६९ किलो टपालापुरती. इंधनाचा भार इतका असे, की पहिले काही तास एक इंजिन बंद पडले असते तर विमान हवेत टिकणे अशक्य होते.

६/ शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओवर मौन पाळले जाई. दिशा ठरायची ती ताऱ्यांच्या वेधावरून. पाचही विमानांची नावे ताऱ्यांवरून ठेवलेली होती: अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अँटारेस आणि स्पायका. जपानी विमानांच्या टप्प्यातील भाग रात्रीच्या अंधारात ओलांडता यावा, असे वेळापत्रक आखलेले असे.

७/ परिणामी प्रवाशांना एकाच उड्डाणात दोन सूर्योदय दिसत. सफर पुरी करणाऱ्यास 'सीक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज' या नावाचे प्रमाणपत्र मिळे.

८/ जुलै १९४५ पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या. त्यांत एकही जीव गेला नाही. विमानांच्या नशिबी मात्र गौरव नव्हता. युद्धकाळातील कराराच्या अटींमुळे ती नागरी वापरासाठी ठेवता येईनात. अखेर ती ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत समुद्रात बुडवण्यात आली.

९/ नकाशावर पर्थ आणि कोग्गला यांतील अंतर १९४१ मध्ये होते तेवढेच १९४३ मध्येही होते. बदलले होते ते मधल्या बेटांवरचे झेंडे. म्हणूनच जुने वेळापत्रक वाचताना केवळ किलोमीटर मोजून भागत नाही; वाटेतली बंदरे त्या वर्षी कोणाच्या ताब्यात होती, तेही पाहावे लागते.