ॲव्हरेजचा आकडा येतो कुठून?

इस्लामपुरात नवी गाडी घ्यायची बोलणी सुरू झाली की किमतीपाठोपाठ ॲव्हरेज निघतेच. पन्नास वर्षांपूर्वी ते विचारून फारसा उपयोग नव्हता. बाजारात मुख्यतः उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर आणि कुर्ल्यात बनणारी फियाट, आणि त्यांच्यासाठीही नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे. 1973 च्या तेलसंकटाने पेट्रोल महागले, तरी पर्याय नव्हताच. अमेरिकेत मात्र त्या संकटातून 1975 चा कायदा आला आणि नव्या गाडीवर इंधनवापराचे लेबल सक्तीचे झाले.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. ॲम्बॅसडरचे इंजिन 1489 सीसीचे, हिचे 796. आता ताडून पाहण्यासारखे काहीतरी होते.

आज जाहिरातीत झळकणारा आकडा बहुधा पुण्याच्या वेताळ टेकडीवरचा, 1966 साली स्थापन झालेल्या ‘एआरएआय’ या वाहन-चाचणी संस्थेचा असतो. तिथे गाडी जागची हलत नाही. चाके रोलरवर फिरतात आणि चालक पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमी-जास्त करतो. चाचणी 1180 सेकंदांची. वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही, एसी बंद. किती पेट्रोल जळले, हे सायलेन्सरमधून निघालेल्या वायूंतल्या कार्बनवरून काढतात.

या चाचणीत खंबाटकी घाटाचा चढ नाही. गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉलीमागे दुसऱ्या गिअरात रांगणेही नाही. अमेरिकेने 2008 च्या मॉडेलांपासून एसी, जादा वेग आणि थंडी हिशोबात धरली, तेव्हा बहुतेक गाड्यांचे आकडे खाली आले.

रस्त्यावरचे ॲव्हरेज घटण्यात सांगली जिल्ह्याचाही वाटा आहे. पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग 2001 मध्ये याच जिल्ह्यातल्या मिरजेत, शिवाय मनमाड आणि बरेली इथे झाले. आता हे प्रमाण 20 टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाने जुन्या बनावटीच्या चारचाकीचे ॲव्हरेज त्यामुळे 6 ते 7 टक्क्यांनी घटेल असे म्हटले. या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाडीचे 1 ते 2 टक्क्यांनी. वाळवा तालुक्यातल्या ऊसवाल्याला कारखान्याची उसापासून इथेनॉल बनवणारी आसवनी चालायला हवी असते, आणि पंपावर तोच गिऱ्हाईकही असतो.

तेव्हा कंपनीचा आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता घ्यावा, कारण परीक्षा दोघींची एकच. तुलनाही लिटरमध्ये करावी. हजार किलोमीटरला 10 ऐवजी 12 चे ॲव्हरेज मिळाले तर जवळपास 17 लिटर वाचतात. 20 ऐवजी 22 मिळाले तर साडेचारच. खरा खर्च हवा असेल, तर तीच गाडी वापरणारा ओळखीचा शोधावा. पेठ नाक्यावर टाकी फुल्ल करून किलोमीटर लिहून ठेवायला सांगावे, आणि पुण्याहून परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल्ल.