कावीळ, काढा आणि बाटली



पावसाळा सुरू झाला की आमच्या उपनगरांत दोन गोष्टी हमखास दिसतात. सखल भागात साचलेलं पाणी आणि चाळीतल्या, सोसायटीतल्या कुणाच्या तरी घरात कावीळ. कावीळ आली की सल्लेही येतात. कुणी म्हणतं माळ घाला, कुणी म्हणतं उसाचा रस द्या, कुणी अर्धी उरलेली लिव्हर टॉनिकची बाटलीच आणून देतं. आज आम्ही त्या बाटलीची गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्या कपाटात आली कुठून?

बाटलीच्या आधी होती मुळी. कोकणातल्या घरांत ओल्या किराइताचा कडू काढा नाक दाबून पोरांना पाजत. भुईआवळा कुंपणाशी उगवायचा, कोरफड कुंडीत असायची. काविळीची माळही आपल्यातल्या अनेकींनी पाहिली असेल. ती गळ्यात घालायची, ती दिवसेंदिवस लांबत जाते, आणि ती लांबली म्हणजे कावीळ उतरली असं समजायचं. मुळ्या सुकतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. पण तेवढ्या दिवसांत रोगीही खरोखर बरा होत असे. तो का बरा होई, ते पुढे सांगतो.

वैद्यांकडे याहून टिकाऊ औषधं होती, आसवं आणि अरिष्टं. 'शार्ङ्गधरसंहिते'त त्यांचा फरक दिला आहे: औषध उकळून केलेलं ते अरिष्ट, न उकळता केलेलं ते आसव. यकृतासाठी कोरफडीचं कुमारीआसव, रक्तरोहिड्याचं रोहितकारिष्ट, पुनर्नव्याचं पुनर्नवासव. त्यात गूळ किंवा मध घालायचा, धायटीची फुलं टाकायची आणि तोंड बंद करून भांडं महिनाभर ठेवायचं. आंबल्यामुळे त्यात थोडा मद्यार्क आपोआप तयार होतो आणि औषध नासत नाही. पातळ औषधही दुकानात वर्षानुवर्षं टिकलं, ते या युक्तीमुळे.

मग कारखाने आले, तेही आपल्याच आसपास. १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी पनवेलला 'धूतपापेश्वर'ची सुरुवात केली. १८९९ मध्ये 'संडू ब्रदर्स' सुरू झालं, चेंबूरला डी. के. संडू मार्ग आहे, तो त्याच घराण्याच्या नावाचा. १९१० मध्ये जामनगरच्या झंडू भट्टजींच्या नातवाने, जुगतराम वैद्यांनी, मुंबईत 'झंडू' काढली. शहरात नोकरीला आलेल्या कुटुंबाकडे ना अंगण होतं, ना खलबत्त्यात कुटत बसायला वेळ. दोन चमचे औषध, दोन चमचे पाणी, जेवणानंतर. हे त्या बायकांना परवडलं, आणि आपल्या आज्यांच्या कपाटात बाटली आली.

पुढे एक गंमत झाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली, १९४९ चा कायदा. आता मद्यार्क असलेल्या औषधांचं काय करायचं? फ्राम नसरवानजी बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ कोर्टात गेले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी बहुतांशी उचलून धरली, पण मद्यार्क असलेली औषधं आणि ओ-द-कोलनसारखी प्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द ठरवली. म्हणजे दारूने बिघडलेल्या यकृतावर द्यायच्या आसवातही मद्यार्क, आणि त्या मद्यार्कासाठी कायद्याचा एवढा काथ्याकूट! आजही आसवाच्या लेबलावर 'स्वयंनिर्मित मद्यार्क' असे शब्द दिसतात. घरात दारू सोडलेलं माणूस असेल तर ते शब्द जरूर वाचा.

१९५५ साली दोन घटना घडल्या. डेहराडूनला १९३० मध्ये सुरू झालेल्या हिमालया कंपनीने 'लिव्ह ५२' बाजारात आणलं. पुढे त्याचे थेंब आणि सिरप घरोघरी गेले, आणि साध्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही ते नाव येऊ लागलं. त्याच वर्षाच्या शेवटी दिल्लीत यमुनेचं गटारमिश्रित पाणी नळाला आलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या साथीचा विषाणू पुढे 'हिपॅटायटिस ई' म्हणून ओळखला गेला.

माळेचं कोडं इथे सुटतं. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई ही कावीळ बहुतेक जणांत काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते. मग त्या आठवड्यांत जे केलं असेल, त्याला यश मिळतं. माळ घातली तर माळेला, काढा घेतला तर काढ्याला, बाटली आणली तर बाटलीला. आपल्या आज्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी रोगी बरा झालेला डोळ्यांनी पाहिला होता.

वैज्ञानिकांचीही अशीच परीक्षा झाली. १९८८ मध्ये मद्रासच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या साप्ताहिकात लिहिलं की भुईआवळा दिलेल्या हिपॅटायटिस बी च्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. जगभर आशा पसरली. इतर ठिकाणी प्रयोग झाले तेव्हा तसं यश आलं नाही. बी साठी खरी ढाल ठरली ती लस. म्हणून बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत ती टोचून घ्यायची.

गेल्या काही वर्षांत बाटलीचं वचनच बदललं. पूर्वी ती आजाऱ्यासाठी होती. आता ती धडधाकट माणसाला म्हणते, तुझं यकृत घाण झालंय, मी धुऊन देते. याला 'डिटॉक्स' म्हणतात. हा शब्द मुळात विषबाधेच्या आणि व्यसनाच्या उपचारांतला. निरोगी यकृत अमोनियाचा युरिया करतं, मद्यार्क फोडतं, पित्त बनवतं. धुण्याचं काम तेच करत असतं.

आणि आता आमच्या गटातली गोष्ट. मुलुंडची आमची एक मैत्रीण, पन्नाशीची. करोनाच्या काळापासून रोज सकाळी गुळवेलीचा रस घ्यायची. भूक गेली, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?" ती म्हणाली, "काही नाही." तिच्या लेखी रस म्हणजे औषध नव्हतंच. तिसऱ्या खेपेला लेकीने बाटली दाखवली. रस बंद केल्यावर ती हळूहळू सावरली.

नंतर आम्हाला कळलं की ती एकटी नव्हती. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले, आणि २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती नीट ओळखलेली नव्हती, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद तज्ज्ञांचा आहे. पण बाटली विकत घेणाऱ्या बाईला तरी आतली वेल कुठली हे कसं कळणार?

म्हणून आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत. बाटलीवर आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक आहे की फक्त खाद्यपदार्थाचा, ते पाहायचं. दोन्हींचे नियम वेगळे आहेत. दुधीचा रस काढण्याआधी फोड चाखायची, कडू लागली तर दुधी फेकून द्यायचा. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, कावीळ झाली तर घरी एक दिवसही थांबायचं नाही, कारण हिपॅटायटिस ई तिच्या जिवावर बेततो. काविळीच्या रोग्याला गुंगी येऊ लागली, तो असंबद्ध बोलू लागला, तर माळ नको, बाटली नको, थेट रुग्णालय.

आणि डॉक्टरकडे जाताना गोळ्यांबरोबर रस, काढा, चूर्ण, सगळं पिशवीत घालून न्यायचं. आमची मुलुंडची मैत्रीण आता तसंच करते. परवा तिच्या पिशवीतून जिऱ्याच्या पाण्याची बाटलीसुद्धा निघाली. डॉक्टर हसले, पण त्यांनी तीही लिहून घेतली.