व्हिडिओ कॉलवर खरखर येते? दोष फोनचा, चार्जरचा की रेंजचा, असा ओळखा

अमरावती/अकोला : गावातल्या उपकेंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणं असो, कृषी विद्यापीठाचा ऑनलाइन शेतकरी मेळावा असो की पुण्यातल्या पोराशी रात्रीचा कॉल, खरखर सुरू झाली की निम्मं बोलणं वाया जातं. पोराचं बोलणं पुन्हा विचारता येते, पण डॉक्टरांनी 'अर्धी गोळी' म्हटलं आणि इकडं 'दीड' ऐकू आलं तर काम अवघड. ई-संजीवनीवर औषधाची चिठ्ठी ऑनलाइन मिळते. कानावर विसंबण्यापेक्षा मात्रा त्या चिठ्ठीवरच पाहून घ्यावी.

खरखर कोणाकडून येते, हे पहिले शोधावं लागते. आपल्या माईकचा त्रास आपल्याला ऐकू येत नाही, समोरच्याला येतो. म्हणून सगळेच जण "तुमचा आवाज खराब येतो" म्हणत असतील तर दोष आपल्याकडं. मीटिंगमध्ये पंधरा-वीस जण असले तर एकेकाला म्यूट करत जायचं, ज्याला म्यूट केल्यावर आवाज थांबला तो सापडला. बहुतेक वेळा तो पंख्याखाली बसलेला असतो.

दुसरी तपासणी फुकटची आहे. व्हॉट्सॲपवर आपल्याच घरच्याला एक व्हॉइस नोट पाठवा, एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून. व्हॉइस नोट फोनमध्येच रेकॉर्ड होते, रेंजचा तिच्याशी संबंध नाही. ती स्वच्छ असेल आणि कॉलवरच त्रास असेल तर भानगड नेटवर्कची. तेव्हा खरखरीपेक्षा आवाज तुटतो, यंत्रातून आल्यासारखा वाटतो. मेळघाटच्या डोंगरात हे नेहमीचं. अशा वेळी व्हिडिओ बंद करून नुसता आवाज ठेवावा. झूमवर चांगल्या व्हिडिओला सेकंदाला सुमारे ६०० किलोबिट लागतात, आवाजाचं मात्र ६० ते ८० वर भागते.

चार्जर लावल्यावरच घूंऽऽ असा एकसुरी आवाज येत असेल तर कारण विजेत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचीच गुणगुण हलक्या चार्जरमधून माईकमध्ये उतरते. लोडशेडिंगमध्ये साध्या इन्व्हर्टरवर ती अजून वाढते. लॅपटॉप वापरणाऱ्यानं घराचं अर्थिंगही तपासून घ्यावं. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि अर्थिंग कमजोर होते. खड्ड्यात पाणी टाकलं की बराच फरक पडतो. अर्थिंग नीट असणं जिवासाठीही बरं, आवाजाचं तर सोडाच. एवढं जमत नसेल तर फोन आधी पूर्ण चार्ज करून कॉल चार्जरविना करावा. मधूनच कडकड येत असेल तर जवळचा मोटरचा स्टार्टर, ढिलं बटन किंवा पंख्याचा रेग्युलेटर पाहा.

कुलर हा मे महिन्यातला मोठा शत्रू. अकोल्याच्या उन्हात तो बंद करा म्हणणं सोपं नाही, पण निदान त्याच्या झोतासमोर बसू नये. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये मागचा आवाज दाबायची सोय आहे, ती वाढवली की कुलरची घरघर बरीच कमी होते. एकाच खोलीत दोन फोन त्याच मीटिंगला जोडले तर शिट्टी वाजते. एकाचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवावे.

इअरफोनची पिन हलवली की चरचर येत असेल तर वायर तुटत आली आहे, दुसरा लावून पाहावा. फोनच्या खालच्या कडेला चार्जिंगच्या खाचेजवळ बारीक छिद्र असते, तो माईक. कापूस वेचणी अन् तूर काढणीच्या दिवसात त्यात धूळ बसते. फोन बंद करून कोरड्या मऊ ब्रशनं झटकावं, कव्हर त्यावर येत असेल तर काढावं. सुई मात्र घालू नये. कित्येक जण तेच सिमचं छिद्र समजून पिन खुपसतात आणि माईकचा पडदा फाटतो.

इतकं करूनही चार्जरविना व्हॉइस नोट खरखरतच असेल तर दुकानाशिवाय इलाज नाही. बऱ्याच फोनमध्ये माईक चार्जिंगच्या छोट्या पट्टीवरच बसवलेला असतो, त्यामुळे दुकानदार ती अख्खी पट्टी बदलतो. पैसे देण्याआधी तिथंच एक व्हॉइस नोट रेकॉर्ड करून ऐकून घ्यावी.