बायबलची ईश्वरप्रेरितता व धर्मविद्यालयीन अध्यापनस्वातंत्र्य

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथांतील, विशेषतः अ. सं. सं. मधील इव्हँजेलिकल (सुवार्तावादी) गटांतील, एक दीर्घकालीन वाद. बायबल ईश्वरप्रेरित आहे, याविषयी या वादातील दोन्ही पक्षांचे बहुधा एकमत असते. या प्रेरणेची व्याप्ती किती, आणि ती ठरविण्याचा अधिकार भाषा व इतिहास यांच्या अभ्यासकाचा, चर्चच्या महासभेचा की धर्मविद्यालयाच्या विश्वस्तांचा, हा खरा वादविषय होय. त्यामुळे हा इतिहास जितका धर्मशास्त्रीय सिद्धांतांचा आहे, तितकाच प्राध्यापकांच्या नेमणुकांचा व बडतर्फीचाही आहे.

नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रामध्ये (३ : १६) शास्त्रलेखांना ‘थिऑप्नेउस्टॉस’ हे ग्रीक विशेषण लावलेले आहे. ‘ईश्वराच्या श्वासातून निघालेले’ हा त्याचा शब्दशः अर्थ. मीमांसकांनी प्रतिपादिलेल्या वेदांच्या अपौरुषेयत्वाहून ही कल्पना भिन्न आहे. मीमांसकांच्या मते वेदांना कर्ताच नाही. बायबलच्या ग्रंथांना मात्र मानवी कर्ते आहेत, हे सनातनी ख्रिस्ती मतही मान्य करते. लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या प्रारंभीच आपण सर्व गोष्टींचा बारकाईने शोध घेतल्याचे नमूद केले आहे. ग्रंथ ईश्वराचा आणि मनुष्याचाही असेल, तर मनुष्यसुलभ चुका त्यात येऊ शकतात काय, या प्रश्नावर दोन भूमिका निर्माण झाल्या. एका भूमिकेनुसार प्रेरणा प्रत्येक शब्दाला व्यापते आणि म्हणून इतिहास, भूगोल वा निसर्ग यांविषयीच्या विधानांतही चूक संभवत नाही (प्रमादराहित्य). दुसरीनुसार श्रद्धा, मोक्ष व आचार यांविषयी बायबल अढळ प्रमाण आहे. इतर विषयांत लेखक आपापल्या काळाच्या ज्ञानानेच लिहीत होते.

एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांतून ऐतिहासिक चिकित्सेची पद्धती विकसित झाली. जुन्या करारातील पहिले पाच ग्रंथ मोशेने लिहिलेले नसून ते वेगवेगळ्या काळांतील लेखनाच्या संकलनातून सिद्ध झाले, यशयाच्या ग्रंथाचा उत्तरार्ध बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळातील दुसऱ्या लेखकाचा आहे, इ. निष्कर्ष या पद्धतीतून पुढे आले. ते शिकून परतलेल्या तरुण प्राध्यापकांना इंग्रजी भाषिक देशांतील धर्मविद्यालयांत प्रथम संघर्षाला तोंड द्यावे लागले. स्कॉटलंडमधील फ्री चर्चच्या ॲबर्डीन येथील महाविद्यालयातील विल्यम रॉबर्ट्‌सन स्मिथ (१८४६–९४) यांच्यावरील अभियोग एका ज्ञानकोशीय नोंदीमुळे उद्भवला, ही गोष्ट प्रस्तुत ग्रंथाच्या वाचकांना लक्षणीय वाटावी. १८७५ मध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या नवव्या आवृत्तीत त्यांनी ‘बायबल’ ही नोंद लिहिली. १८८० मध्ये महासभेने त्यांना केवळ समज देऊन पदावर ठेवले. पण लगेचच त्याच कोशात हिब्रू भाषा व वाङ्मय यांवरील त्यांची दुसरी नोंद प्रसिद्ध झाली आणि १८८१ मध्ये त्यांना अध्यापनातून दूर करण्यात आले. पाखंडाचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही. पुढे ते ब्रिटानिकाचे संपादक व केंब्रिज येथे अरबीचे प्राध्यापक झाले.

अ. सं. सं. मध्ये लुइव्हिल येथील सदर्न बॅप्टिस्ट धर्मविद्यालयातील क्रॉफर्ड टॉय (१८३६–१९१९) यांनी १८७९ मध्ये राजीनामा दिला. आपली मते विद्यालयाच्या तत्त्वपत्राच्या विरुद्ध नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. विश्वस्तांनी ते मानले नाही व राजीनामा स्वीकारला. विद्यालयाचे प्रमुख जेम्स बॉइस व सहकारी जॉन ब्रॉडस हे दोघे त्यांना निरोप देण्यास रेल्वेस्थानकावर गेले आणि व्यथित होऊन परतले. वैयक्तिक वैमनस्यावाचूनही असा वियोग घडू शकतो, याचे हे दुर्मिळ उदाहरण. १८८० मध्ये टॉय हार्व्हर्ड विद्यापीठात गेले.

प्रमादराहित्याच्या सिद्धांताची काटेकोर मांडणी प्रिन्स्टन धर्मविद्यालयाच्या परंपरेत झाली. १८८१ मध्ये ए. ए. हॉज (१८२३–८६) व बी. बी. वॉरफील्ड (१८५१–१९२१) यांनी ‘प्रेरणा’ या विषयावरील संयुक्त लेखात असे प्रतिपादन केले, की प्रमादराहित्य हे लेखकांच्या हातच्या मूळ प्रतींना लागू आहे. आज उपलब्ध असलेल्या नकलांत लेखनिकांचे दोष असू शकतात. मूळ प्रती आज अस्तित्वात नसल्यामुळे हा सिद्धांत पडताळून पाहता येत नाही, हा त्यावरील आक्षेप जुनाच आहे व त्यात तथ्यही आहे. तथापि हॉज व वॉरफील्ड हे पाठचिकित्सेचे विरोधक नव्हते. उलट मूळ पाठ निश्चित करण्याच्या शास्त्राला त्यांच्या मांडणीत मोलाचे स्थान होते. त्यांना निव्वळ ज्ञानविरोधी ठरविणे अन्यायाचे होईल.

या मांडणीला सर्वांत प्रखर आव्हान चार्ल्स ऑगस्टस ब्रिग्झ (१८४१–१९१३) यांनी दिले. न्यूयॉर्कच्या युनियन धर्मविद्यालयात नव्या अध्यासनावर आरूढ होताना २० जानेवारी १८९१ रोजी त्यांनी ‘पवित्र शास्त्राचे प्रामाण्य’ या विषयावर भाषण केले. बायबल, चर्च व विवेकबुद्धी ही तिन्ही ईश्वरी प्रामाण्याची साधने आहेत आणि शब्दप्रेरणा व प्रमादराहित्य ही मते बायबलकडे जाणाऱ्या वाटेतील अडसर आहेत, असे त्यांनी सांगितले. भाषणाचा सूर आव्हानाचा होता. हेच विचार त्यांनी सौम्य शब्दांत मांडले असते, तर वादळ इतके उठले नसते, असे वाटते. १८७० च्या एका करारान्वये युनियन विद्यालयातील प्राध्यापकांच्या नेमणुकीस नकार देण्याचा अधिकार प्रेसबिटेरियन चर्चच्या महासभेस होता. १८९१ मध्ये डिट्रॉइट येथील महासभेने तो वापरला. ब्रिग्झ आधीपासूनच विद्यालयात होते, ही नवी नेमणूक नसून केवळ बदली आहे, असा संचालकांचा युक्तिवाद होता. महासभेपुढे नमण्याऐवजी संचालकांनी १८९२ मध्ये तो करारच रद्द केला व विद्यालय स्वतंत्र झाले. न्यूयॉर्कच्या प्रेसबिटरीने (प्रादेशिक धर्ममंडळाने) ब्रिग्झ यांना दोषमुक्त केले, तरी १८९३ मध्ये महासभेने त्यांना सेवकपदावरून निलंबित केले. अध्यासन मात्र त्यांच्याकडेच राहिले. १८९९ मध्ये त्यांनी एपिस्कोपल चर्चमध्ये दीक्षा घेतली. ब्राउन व ड्रायव्हर यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेला हिब्रू शब्दकोश १९०६ मध्ये पूर्ण झाला. तो पुढे प्रमादराहित्य मानणाऱ्या विद्यालयांतील विद्यार्थ्यांच्याही नित्य वापरात आला.

याच सुमारास मॅसॅचूसेट्‌समधील अँडोव्हर धर्मविद्यालयात उद्भवलेल्या वादाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आला. हार्व्हर्डमधील उदारमतवादाला उत्तर म्हणून १८०७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यालयात प्राध्यापकांना दर पाच वर्षांनी मतांगीकाराचा पुनरुच्चार करावा लागे. ख्रिस्ताचे नाव कानी न पडता मरण पावलेल्यांना मरणोत्तर संधी मिळू शकेल, हे मत तेथील काही प्राध्यापकांनी मांडले. वाद थेट प्रेरणेविषयीचा नव्हता; पण सही केलेल्या मतांगीकाराच्या चौकटीत प्राध्यापकाला कितपत विचारस्वातंत्र्य आहे, हा प्रश्न तोच होता. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ॲलन ह्यूम (१८४७–१९२९) हे मुंबईत जन्मलेले व अँडोव्हरमध्ये शिकलेले धर्मोपदेशक होते. १८७८ मध्ये अहमदनगरला त्यांनी धर्मविद्यालय काढले होते. १८८६ मध्ये रजेवर मायदेशी असताना त्यांनी अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांपुढे या मताविषयी सहानुभूती दर्शविली, तेव्हा त्यांच्या मिशन मंडळाच्या कार्यकारी समितीने त्यांना भारतात परत पाठविण्यास काही काळ संमती दिली नाही; १८८७ मध्ये ती मिळाली. पूर्वजांच्या गतीचा प्रश्न अमेरिकेतील वर्गात तात्त्विक असला, तरी मराठी मुलखातील नवख्रिस्ती कुटुंबांत तो घरचा होता. अँडोव्हरचे प्राध्यापक एग्बर्ट स्मिथ यांना निरीक्षक मंडळाने १८८७ मध्ये पदच्युत केले. परंतु १८९१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात मूलतत्त्ववादी व आधुनिकतावादी असे तट पडले. १९२९ मध्ये प्रिन्स्टनची पुनर्रचना झाल्यावर जे. ग्रेशॅम मेचेन (१८८१–१९३७) व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया येथे वेस्टमिन्स्टर धर्मविद्यालय स्थापिले. या वेळी बाहेर पडणारे पारंपरिक मताचे होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मूलतत्त्ववादाचा अलिप्तपणा टाकून, परंतु त्याचे सिद्धांत राखून, विद्वत्तेच्या क्षेत्रात उतरू पाहणारा नवा इव्हँजेलिकल प्रवाह उदयास आला. महाराष्ट्रातील युनियन बिब्लिकल सेमिनरी (१९५३, यवतमाळ, १९८३ पासून पुणे) ही याच प्रवाहातील संस्था होय. अमेरिकेत त्याचे प्रमुख केंद्र म्हणजे नभोवाणीवरील प्रवचनकार चार्ल्स फुलर यांनी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे १९४७ मध्ये स्थापन केलेले फुलर धर्मविद्यालय. बायबल संपूर्णतः व अंशतः प्रमादरहित आहे, असे त्याचे श्रद्धापत्र होते. संस्थापकांचे पुत्र डॅन्येल फुलर हे बाझेल येथे अध्ययन करून परतले आणि डिसेंबर १९६२ मधील एका बैठकीत त्यांनी या कलमाविषयीच्या शंका उघड मांडल्या. त्या बैठकीला पुढे ‘काळा शनिवार’ असे नाव पडले. त्यांनी नंतर दिलेले एक उदाहरण उद्‌बोधक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू मोहरीचा दाणा सर्व बियांत लहान असल्याचे म्हणतो. वनस्पतिशास्त्रानुसार त्याहून लहान बिया आहेत. मग ख्रिस्त चुकला काय? फुलर यांच्या मते, दृष्टांताचा उद्देश वनस्पतिशास्त्र शिकविण्याचा नव्हता. श्रोत्यांच्या समजुतीला धरून बोलणे हेच त्या उद्देशाला अनुरूप होते. प्रतिपक्षाला भीती अशी, की एकदा लहान चूक मान्य केली, की मोठ्या चुकांना अटकाव करणारी सीमारेषा कोणती? पुढील दोनतीन वर्षांत हॅरल्ड लिंड्सेल, विल्बर स्मिथ व ग्लीसन आर्चर हे जुन्या मताचे प्राध्यापक विद्यालय सोडून गेले. १९७२ मध्ये श्रद्धापत्र बदलून ‘श्रद्धा व आचार यांचे अढळ प्रमाण’ एवढाच दावा ठेवण्यात आला. लिंड्सेल यांनी द बॅटल फॉर द बायबल (१९७६) या पुस्तकात फुलरवर कठोर टीका केली. त्याच पुस्तकात चारही शुभवर्तमानांतील वृत्तांतांचा मेळ घालण्यासाठी पेत्राने ख्रिस्ताला तीनदा नव्हे, तर सहा वेळा नाकारले, असा तोडगा सुचविलेला आहे. त्याने सिद्धांताचे रक्षण होण्यापेक्षा त्याच्यावर पडणारा ताणच अधिक दिसून येतो.

१९७८ मधील शिकागो निवेदनाने प्रमादराहित्याची अधिक विचारपूर्वक व्याख्या १९ कलमांत केली. ढोबळ संख्या, व्याकरणातील अनियमितता व आधुनिक काटेकोरपणाचा अभाव यांना प्रमाद म्हणता येणार नाही, असे तीत स्पष्ट केले आहे. तरीही अर्थनिर्णयाचा प्रश्न उरलाच. रॉबर्ट गंड्री यांनी मत्तयावरील भाष्यात (१९८२) काही प्रसंग यहुदी ‘मिद्राश’ पद्धतीचे, म्हणजे इतिहास म्हणून न लिहिलेले, असल्याचे मत मांडले. प्रमादराहित्य त्यांना पूर्ण मान्य होते. तरी १९८३ मध्ये इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटीच्या सभासदांनी मतदानाने त्यांचा राजीनामा मागितला. वेस्टमाँट महाविद्यालयातील त्यांचे अध्यापन मात्र चालू राहिले.

सेंट लूइस येथील मिसूरी सिनड या ल्यूथरन चर्चच्या काँकॉर्डिया धर्मविद्यालयातील फूट सर्वांत मोठी ठरली. १९७३ च्या न्यू ऑर्लीअन्स अधिवेशनात अध्यक्ष जे. ए. ओ. प्रॉइस यांचे श्रद्धानिवेदन बहुमताने संमत झाले. जानेवारी १९७४ मध्ये विद्यालयाचे प्रमुख जॉन टीटयेन यांना निलंबित करण्यात आले. त्याच्या निषेधार्थ ५० पैकी ४५ अध्यापक व बहुसंख्य विद्यार्थी फेब्रुवारीत बाहेर पडले आणि त्यांनी ‘सेमिनेक्स’ (निर्वासित विद्यालय) चालविले. अध्यापकांना विद्यालयाची निवासस्थाने सोडावी लागली. या विद्यालयातून उत्तीर्ण झालेल्यांना पाळक म्हणून स्वीकारावे की नाही, यावरून मंडळ्यामंडळ्यांत दुफळी माजली.

सदर्न बॅप्टिस्ट संघातील परिवर्तन अधिक संथ, पण अधिक पद्धतशीर होते. तेथे संघाचा अध्यक्ष एक समिती नेमतो, ती दुसरी समिती सुचविते आणि ती विश्वस्तांची नावे निश्चित करते. १९७९ पासून पुराणमतवादी पक्षाने अध्यक्षपद सलग जिंकले व सुमारे दहा वर्षांत सहाही धर्मविद्यालयांच्या विश्वस्त मंडळांत बहुमत मिळविले. १९८७ मध्ये साउथईस्टर्न विद्यालयाचे प्रमुख रँडल लॉली यांनी राजीनामा दिला. मार्च १९९४ मध्ये साउथवेस्टर्नचे रसेल डिल्डे यांना बडतर्फ करण्यात आले व त्याच दिवशी त्यांच्या कार्यालयाची कुलपे बदलण्यात आली. बायबलच्या कोणत्याही ओळीचा अर्थ या कृतीने अधिक स्पष्ट झाला नाही. पण दानधर्मातून विद्यालये चालविणाऱ्या सामान्य मंडळ्यांना आपल्या पाळकांच्या शिक्षणावर नियंत्रण असावे असे वाटणे, ही त्या चळवळीची खरी शक्ती होती.

अमेरिकन विद्यापीठीय प्राध्यापक संघाच्या १९४० च्या निवेदनानुसार धार्मिक उद्दिष्टांमुळे अध्यापनस्वातंत्र्यावर येणाऱ्या मर्यादा नेमणुकीच्या वेळीच लेखी कळविल्या पाहिजेत. हा नियम वाजवी आहे. अडचण अशी, की सही एका अर्थाने केली जाते आणि न्याय पुढे दुसऱ्या अर्थाने दिला जातो. काँकॉर्डिया (१९७५) व साउथईस्टर्न (१९८९) यांच्यावर संघाने निषेधाचा ठराव केला. न्यायालये मात्र अशा वादांपासून सामान्यतः दूर राहतात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने होझॅना-टेबर खटल्यात धर्मसेवक निवडण्याचा व काढण्याचा धर्मसंस्थेचा अधिकार एकमताने उचलून धरला.

वेस्टमिन्स्टर विद्यालयातील पीटर एन्स यांनी इन्स्पिरेशन अँड इन्कार्नेशन (२००५) या ग्रंथात ख्रिस्ताप्रमाणेच शास्त्रही पूर्णतः दैवी व पूर्णतः मानवी आहे, या कल्पनेच्या आधारे प्राचीन मेसोपोटेमियातील कथांशी असलेल्या साम्याचा अर्थ लावला. त्यांची मते विद्यालयाच्या मतांगीकाराच्या मर्यादेत आहेत, असा कौल अध्यापकवर्गाने १२ विरुद्ध ८ मतांनी दिला. मार्च २००८ मध्ये विश्वस्तांनी १८ विरुद्ध ९ मतांनी त्यांना निलंबित केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये उभयपक्षी समझोत्याने त्यांनी विद्यालय सोडले. पुढे ते पेनसिल्व्हेनियातील ईस्टर्न विद्यापीठात अध्यापन करू लागले.