‘निवडणुकीने पद धारण करीत असल्यास’ : ॲरिझोना राज्यातील गव्हर्नरपदाचा उत्तराधिकार

अमेरिकेतील घटक राज्याचा ‘गव्हर्नर’ आणि आपल्याकडील ‘राज्यपाल’ यांची नावे समानार्थी वाटली, तरी ही दोन पदे मुळातच भिन्न आहेत. आपला राज्यपाल राष्ट्रपतींकडून नियुक्त होतो आणि प्रत्यक्ष कारभार विधानसभेला जबाबदार असणाऱ्या मुख्यमंत्र्याच्या हाती असतो. मुदतीच्या मध्येच मुख्यमंत्री बदलला, तर नव्याचा अधिकार सभागृहातील बहुमतातून सिद्ध होतो. अमेरिकन गव्हर्नराला मात्र हा अधिकार थेट मतदारांकडून मिळतो. तो मध्येच गेला, तर त्याच्या जागी येणाऱ्याला मतदारांनी निवडले, असे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? या प्रश्नाचा विचार करण्यास ॲरिझोनाइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच आढळेल.

ॲरिझोना १८६३ पासून अर्धशतकाच्या आसपास केंद्रशासित प्रदेश होता आणि त्याचे गव्हर्नर राष्ट्राध्यक्षांच्या नेमणुकीने येत. १९१० साली फिनिक्स येथे घटना सिद्ध करणाऱ्या परिषदेच्या मनात वरून लादलेल्या सत्तेविषयी जो अविश्वास होता, त्याचे मूळ बऱ्याच अंशी येथे असावे. प्रत्यावाहनाचा, म्हणजे निवडलेल्या अधिकाऱ्यास मुदतीपूर्वी परत बोलावण्याचा हक्क या घटनेने मतदारांना दिला. तो न्यायाधीशांनाही लागू केल्यामुळे राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी १९११ मध्ये नकाराधिकार वापरला; तेवढा भाग वगळून १९१२ मध्ये राज्याचा दर्जा मिळताच तो पुन्हा घालण्यात आला! मात्र लेफ्टनंट गव्हर्नर हे पद या घटनेत नव्हते. गव्हर्नराचे स्थान रिक्त झाल्यास त्याची कार्ये राज्यसचिवाकडे जात. हा राज्यसचिव स्वतंत्रपणे निवडला जाई, साहजिकच तो गव्हर्नराच्या पक्षाचा असेलच असे नाही.

१९४८ च्या मे महिन्यात गव्हर्नर सिडनी ऑस्बोर्न निधन पावले आणि राज्यसचिव डॅन गार्वी हे प्रथम केवळ ‘कार्यवाहू’ म्हणून काम पाहू लागले. त्याच वर्षी मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केल्यावर ते पूर्णार्थाने गव्हर्नर झाले. पुढे या कलमाच्या प्रचलित रूपात राज्यसचिव, अ‍ॅटर्नी जनरल, खजिनदार आणि लोकशिक्षण अधीक्षक असा क्रम आढळतो, आणि त्यास एक अट जोडलेली आहे : ‘निवडणुकीने पद धारण करीत असल्यास’. वरवर पाहता औपचारिक वाटणाऱ्या या शब्दांचे सामर्थ्य १९७८ मध्ये प्रत्ययास आले.

राऊल कास्त्रो हे ॲरिझोनाचे पहिले मेक्सिकन वंशाचे गव्हर्नर. अर्जेंटिनातील राजदूतपद स्वीकारण्यासाठी त्यांनी ऑक्टोबर १९७७ मध्ये राजीनामा दिला. १९४९ पासून अखंड राज्यसचिव असलेले वेस्ली बोलिन गव्हर्नर झाले, आणि त्यांच्या रिकाम्या जागी रोझ मॉफर्ड यांची नेमणूक झाली. मॉफर्ड अनेक वर्षे त्याच कार्यालयात साहाय्यक सचिव होत्या. त्या कचेरीचे अंतरंग त्यांच्याइतके जाणणारे दुसरे कोणी असेल असे वाटत नाही. परंतु ४ मार्च १९७८ रोजी, पाच महिनेही पुरे होण्यापूर्वी, बोलिन यांचे निधन झाले तेव्हा त्या गव्हर्नर होऊ शकल्या नाहीत, कारण त्यांचे पद नेमणुकीचे होते. घटनेने त्यांना ओलांडून निर्वाचित अ‍ॅटर्नी जनरल ब्रूस बॅबिट यांच्या हाती सत्ता दिली.

दहा वर्षांनी त्याच मॉफर्ड, त्याच पदावर असताना, गव्हर्नर झाल्या. दरम्यान त्या रीतसर निवडून आल्या होत्या. १९८६ च्या तिरंगी लढतीत सुमारे ४० टक्के मतांवर रिपब्लिकन पक्षाचे इव्हॅन मेकॅम विजयी झाले होते. त्यांच्या प्रत्यावाहनाच्या अर्जावर तीन लाखांहून अधिक सह्या जमल्या. परंतु मतदान होण्यापूर्वीच ५ फेब्रुवारी १९८८ रोजी प्रतिनिधिगृहाने महाभियोग मंजूर केला आणि ४ एप्रिल रोजी सिनेटने त्यांना दोषी ठरवून पदच्युत केले. मॉफर्ड डेमोक्रॅट होत्या. मे महिन्यात ठरलेली प्रत्यावाहनाची निवडणूक राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. उरलेली मुदत मॉफर्ड पूर्ण करतील, असा निर्णय झाला. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय सुसंगत खरा. तथापि नवा गव्हर्नर स्वतः निवडण्याच्या अपेक्षेने ज्यांनी सह्या केल्या, त्यांच्या वाट्यास दोन वर्षांपूर्वी निराळ्याच पदासाठी दिलेल्या मताचे फळ आले.

१९९७ मध्ये फाइफ सिमिंग्टन यांनी फसवणुकीच्या खटल्यात दोषी ठरल्यावर राजीनामा दिला (ही दोषसिद्धी १९९९ मध्ये अपिलात रद्द झाली) आणि जेन हल आल्या. पक्ष तोच राहिल्याने फारसे वादळ उठले नाही. २००९ चा बदल मात्र दूरगामी ठरला. डेमोक्रॅट जॅनेट नॅपोलिटानो केंद्रात मंत्री म्हणून गेल्या आणि रिपब्लिकन जॅन ब्रूअर गव्हर्नर झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी स्थलांतरितांविषयीच्या कठोर कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील बहुतेक विवाद्य तरतुदी संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अवैध ठरविल्या. ब्रूअर २०१० ची निवडणूक जिंकल्या हे खरे, पण त्या कायद्यावरील स्वाक्षरी त्यापूर्वीची होती.

येथे एक विलक्षण गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १९७४ ते २००६ या काळातील निवडणुकांत गव्हर्नरपदावर प्रथमच मतपेटीतून आलेले चौघे, म्हणजे कास्त्रो, मेकॅम, सिमिंग्टन व नॅपोलिटानो, मध्येच पायउतार झाले. उत्तराधिकाराने येऊन नंतर निवडून आलेल्या बॅबिट, हल आणि ब्रूअर यांनी मात्र आपल्या मुदती पुऱ्या केल्या. अशा स्थितीत राज्यसचिवपदासाठी मत देणे हे भावी गव्हर्नरासाठीच मत देण्यासारखे होते, जरी बहुसंख्य मतदारांनी ते तसे दिले नसले तरी.

लेफ्टनंट गव्हर्नरपद निर्माण करण्याचे प्रस्ताव मतदारांनी १९९४ आणि २०१० मध्ये फेटाळले. ब्रूअर यांच्या प्रकरणाची आठवण ताजी असतानाही! अखेर २०२२ मध्ये तो संमत झाला, आणि २०२६ च्या निवडणुकीपासून गव्हर्नरपदाच्या उमेदवाराने आपला जोडीदार नियुक्त करून दोघांसाठी एकच मत मागावयाचे असे ठरले. यामुळे पक्षांतराचा धोका पहिल्या पायरीवर टळतो. परंतु हाच नियम १९८६ मध्ये असता, तर महाभियोगानंतर मेकॅम यांच्या जागी मेकॅम यांनीच पसंत केलेला माणूस बसला असता.