उघडे दार : मराठी ख्रिस्ती आणि सांगण्याचे भय

बुलढाणा जिल्ह्याच्या नैऋत्य टोकाला देऊळगाव राजा आहे. तिथून जालना तीसेक किलोमीटर. आज हा तासाभराचाही प्रवास नाही, पण 1853 नंतर वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, जालना निजामाच्या राज्यात राहिले आणि या वाटेवर दोन राजवटींची सीमा आली. सीमेच्या पलीकडे, जालन्याजवळ, नारायण शेषाद्री या मराठी ब्राह्मण धर्मोपदेशकाने ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. अलीकडे, वऱ्हाडात, पुढे अमेरिकन अलायन्स मिशन आले. अकोला हे त्याचे मुख्य ठाणे आणि खामगाव, मलकापूर, बुलढाणा ही त्याची केंद्रे.

अशा कामाचा इतिहास सहसा संख्येत सांगितला जातो : इतक्या शाळा, इतके दवाखाने, इतके बाप्तिस्मे. पण प्रत्येक बाप्तिस्म्याच्या मागे एक असा काळ असतो, ज्याची नोंद होत नाही. माणसाच्या मनाचा निर्णय झालेला असतो आणि तोंडातून शब्द फुटत नसतो. मी ख्रिस्ताला मानतो, हे आईला कसे सांगायचे? पत्नीला, पंगतीतल्या शेजाऱ्याला कसे सांगायचे? एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लोकांनी या भयाला कसे तोंड दिले, याचा हा शोध आहे.

भय कशाचे होते?

सरकारचे भय नव्हते, कारण राज्यकर्त्यांचाच तो धर्म होता. भय होते ते घराचे आणि जातीचे. 1839 मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि शाळेतील मुले भराभर काढून घेण्यात आली. चार वर्षांनी, 1843 मध्ये, नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. मग दुसरा प्रश्न उभा राहिला : ख्रिस्ती लोकांत जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकर त्याला शुद्ध करून घेण्याच्या बाजूचे होते. तेवढ्यासाठी त्यांनाही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला.

म्हणजे एका माणसाने विश्वास बोलून दाखवला की त्याची किंमत तो एकटा देत नसे. भाऊ, वडील, शाळा, मध्यस्थी करणारा शास्त्री, सगळ्यांनाच ती पोचे. हे भय किती खरे होते याची साक्ष कायद्याची पुस्तकेही देतात. धर्म सोडला किंवा जात गेली म्हणून वारसाहक्क बुडू नये, यासाठी 1850 मध्ये कायदा करावा लागला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडून दिलेल्या ख्रिस्ती माणसाला विवाहातून मोकळे होता यावे, म्हणून 1866 मध्ये आणखी एक कायदा झाला. जमीन आणि संसार, दोन्ही पणाला लागत होते.

गुप्ततेची शाळा

या काळात नवे विचार दडवून ठेवण्याची रीत केवळ ख्रिस्ताकडे ओढ असणाऱ्यांचीच नव्हती. दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकाराने 1849 मध्ये मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. जातिभेद मानायचा नाही, ईश्वर एकच, मूर्तिपूजा नको, ही तिची तत्त्वे. पण सभा गुप्त. जातिबंधन तोडल्याची खूण म्हणून परक्याच्या हातचा पाव खायचा, तोही बंद दाराआड. 1860 च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि मंडळी विखुरली. बंद खोलीत तोडलेली जात उंबऱ्याबाहेर पुन्हा अंगाला चिकटत होती.

या मंडळीत बाबा पदमनजी होते. 1831 मध्ये बेळगावात जन्मलेला हा तरुण मिशनच्या शाळेत शिकला, मुंबईला आला, ख्रिस्ती ग्रंथ वाचत राहिला. विश्वास बसल्यानंतरही बाप्तिस्म्याचा दिवस पुढे पुढे जात होता. अखेर 3 सप्टेंबर 1854 रोजी बेळगावात, म्हणजे जिथे सगळे ओळखत होते त्याच गावात, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपला हा प्रवास, त्यातील घालमेल आणि चालढकल यांसह, लिहून ठेवला. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी हे एक. त्यात माणूस आपल्या मनातल्या भित्रेपणाचा हिशेब चारचौघांसमोर मांडतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पदमनजींनी भयावर मात केली ती लेखणीने. 1857 मध्ये आलेल्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत हिंदू विधवांच्या हालांची कहाणी आहे आणि तिच्यातून लेखकाचा विश्वासही स्पष्ट बोलतो. पुस्तकाचा एक गुण असा की ते कोणाच्या घरात बळेच शिरत नाही. वाचकाला ते मिटून ठेवता येते. सांगणाऱ्यालाही त्यामुळे धीर येतो.

उघडे दार

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून अवघड आहे. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन त्या परतल्या आणि 1889 मध्ये त्यांनी शारदा सदन सुरू केले. विधवा मुलींना तिथे आपापला धर्म पाळण्याची मोकळीक होती. धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरलेले होते. मात्र रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये वादळ उठले. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले पाहिजे. आपल्या घरात आपली प्रार्थना लपवायची नाही, हा रमाबाईंचा आग्रह साधा होता. परंतु त्यांच्या छपराखाली राहणाऱ्या मुली अन्नवस्त्रासाठी त्यांच्यावर अवलंबून होत्या, ही पालकांची आणि सल्लागारांची शंकाही पोकळ नव्हती. आश्रय देणाऱ्याचे न बोललेले शब्दही आश्रिताला मोठ्याने ऐकू येतात. रमाबाईंनी दार बंद केले नाही आणि त्यासाठी नावाजलेल्या मित्रांना गमावले.

निनावी पत्रापासून देवाच्या दरबारापर्यंत

भयाच्या सगळ्या पायऱ्या एकाच आयुष्यात पाहायच्या तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे वळावे लागते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. डोंगरावरील प्रवचनाने हा कवी भारून गेला. तरीही पहिला पत्रव्यवहार त्याने नाव न देता केला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई जवळ नव्हत्या. बातमी त्यांच्यावर कोसळली. त्या दुःखाची कहाणी ‘स्मृतिचित्रे’त आहे आणि ती मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

यापुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई टिळकांकडे आल्या त्या आपले सोवळे घेऊन. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. नवऱ्याचा विश्वास रोज डोळ्यांसमोर होता, पण त्यांची जातीची कल्पना सुटली ती त्यांच्या स्वतःच्या विचाराने, हळूहळू. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, 1900 मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. उतावळ्या आणि तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या टिळकांना इथे थांबावे लागले.

दुसरे भय होते परकेपणाचे. ख्रिस्ती झालेला माणूस साहेबाचा झाला, ही लोकांची समजूत. तिला अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनातून उत्तर दिले. टिळकांनीही अभंग, भजन आणि कीर्तन हाती घेतले आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. घरातल्या भाषेत बोलू लागल्यावर घरच्यांची भीती कमी होते.

तिसरे भय सर्वांत बोचरे : हा पगारासाठी बोलतो, ही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतली शंका. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवून 1919 मध्ये ते गेले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी.

वऱ्हाडच्या वाटेवर

पदमनजी, रमाबाई आणि टिळक ही शिकलेली, लिहिणारी माणसे. जालन्याच्या आसपास नारायण शेषाद्रींनी ज्यांच्यात काम केले ते बहुतांशी महार आणि मांग समाजातील लोक होते. त्यांच्याकडे पंगतीतले मानाचे पान नव्हतेच, मग गमावायचे काय? पण गावकीचे काम, धान्याचा वाटा आणि राहण्याची जागा गावाच्या मर्जीवर होती. त्यांच्या भयाला उत्तर एकट्याच्या धैर्याने मिळण्यासारखे नव्हते. त्यासाठी वेगळे गावच लागले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी बेथेल वसवले.

वऱ्हाडात 1897 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत अलायन्स मिशनने अकोला आणि खामगाव येथे अनाथ मुलांना आसरा दिला. त्यातून वाढलेल्या पिढीला एक टोमणा वारशात मिळाला : पोटासाठी धर्म बदलला. उपाशी लेकराला कोणी जेवू घातले, यात लाजण्यासारखे काही नाही. तरीही ज्याच्या विश्वासाची सुरुवात भाकरीपासून झाली असे शेजारी मानतात, त्याने त्या विश्वासाबद्दल तोंड उघडणे टिळकांपेक्षाही कठीण. अशा लोकांची आत्मचरित्रे छापली गेली नाहीत. त्यांनी आपला विश्वास सांगितला असेल तो जगण्यातून : शाळेतून, रुग्णसेवेतून, नाताळला शेजारी पाठवलेल्या फराळाच्या ताटातून.

राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांना दिला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. सांगणे माझे, ठरवणे तुझे, अशी ही वाटणी आहे. कायद्याने ती शब्दांत मांडण्याआधीच या मराठी माणसांना ती अनुभवाने शिकावी लागली होती. पदमनजींचे पुस्तक मिटून ठेवता येत होते. टिळकांच्या घरात लक्ष्मीबाईंचे पाणी वेगळे राहू शकत होते. देवाच्या दरबारात येण्यासाठी बाप्तिस्म्याची अट नव्हती. जिथे ही वाटणी धूसर होती, तिथे, शारदा सदनात, वादळ झाले.

आवाज चढवून यांपैकी कोणाचे भय गेले नाही. समोरच्याला नकार देण्याची मोकळीक दिली, आणि सांगण्याची जी काही किंमत होती ती स्वतःच्या पदरची मोजली, तेव्हा ते ओसरले. नकार ऐकण्याची तयारी झाली की सांगण्यात भिण्यासारखे फारसे उरत नाही.